ज्या तंबूत काठी नव्हती

भुताखेतांच्या बातम्या मी वर्तमानपत्राच्या नोकरीत असताना सरळ टोपलीत टाकल्या. ‘गावकऱ्यांमध्ये भीतीचे वातावरण’ हे वाक्य दिसलं की कॉपी वार्ताहराकडे परत जायची. माझं मत आजही तेच आहे. पण माझ्या बाबतीत घडलेली गोष्ट मोडतोड करून फिरवली जाते आहे, म्हणून लिहितो.

मी नंदुरबारचा. सातपुड्यात एकटाच भटकतो. एका माणसापुरता हलका निवारा हवा होता. घुमटासारखा तंबू पाठीला जड. झोळीला नेमक्या अंतरावर दोन झाडं लागतात, माथ्यावर ती नसतात. अंगाला चिकटणारी झोपायची पिशवी घेतली तर आपल्याकडच्या उन्हाळ्यात माणूस उकडून निघेल... उरला एका काठीचा तंबू. चालताना हातात असतो तोच पोल मधोमध उभा करायचा आणि कापड खुंट्यांनी ताणायचं.

तो शिवला ताडपत्रीवाल्या सलीमभाईंनी. माप ऐकून म्हणाले, “भाऊ, यामा तू झोपशी का तुन्ही चप्पल?”

आमच्या ट्रेकिंग ग्रुपच्या अ‍ॅडमिनला सगळे सर म्हणतात. त्यांनी शब्द दिला — तू वापरून सांग, चांगला निघाला तर सगळ्यांचे तंबू सलीमभाईंकडूनच. लग्नाच्या मांडवांचं काम पावसाआधी संपतं. सलीमभाईंचा पावसाळा या कामावर निघाला असता.

एप्रिलमध्ये म्हसावदहून तोरणमाळच्या बाजूला चढलो. दुपारी पठारावर तंबू लावला. पाण्यासाठी ओढ्याकडे उतरायचं होतं आणि उतार घसरडा, म्हणून टेकायला पोल काढून घेतला. या तंबूची अडचण हीच — पोल काढला की तंबू खाली. कापड जमिनीवर सपाट पडलं, खुंट्या जागेवर राहिल्या. ते बघूनच मी निघालो.

पाणी भरताना आभाळ भरून आलं. वारा सुटला, मग गारा. बाटल्या आणि पोल दगडापाशी टाकून मी वर धावलो. तंबू उभा होता. वाकून आत शिरलो. डोक्यावर गारा पडत असताना माणूस विचार करत नाही. मधल्या काठीला पाठ लावली, हात मागे नेऊन ती धरली. वाऱ्याचा प्रत्येक झोत तिच्यातून पाठीला कळत होता. काठी सरकली नाही. थेंब आत आला नाही.

वादळ थांबल्यावर बाटल्या आणायला खाली गेलो. दगडापाशी माझा पोल पडला होता.

वर पाहिलं... तंबू ताठ. परत येऊन दार बाजूला केलं. मध्ये काहीच नव्हतं. मी बघत असतानाच कापड हळूहळू खाली बसलं.

हे सगळं ग्रुपवर लिहिलं. सरांचा फोन आला. “दोन पोल होते असं लिही. भुताचा तंबू कोण घेईल?” हा माणूस शाळाशाळांतून अंधश्रद्धेवर भाषणं देतो.

सरांचं म्हणणं सांगायला दुकानात गेलो, तर सलीमभाईंनी शिलाई मशीन थांबवलं नाही. “मंग लिखी दे ना. दोन काठ्या व्हत्यात. तुन्हं काय जास?”

“एकच व्हती, सलीमभाई.”

“मन्हा टाका उसवना का?”

“नही.”

“पानी गळनं?”

“नही.”

“मंग मन्ही चूक काय, तेवढं सांग.”

मी खोटं लिहिलं नाही. सरांनी तयार तंबू दुसरीकडून मागवले, आणि आता ग्रुपवर फिरतंय की सलीमभाईंच्या शिलाईतच काहीतरी आहे. हे लिहिणाऱ्यांपैकी एकानेही तो तंबू हातात घेतलेला नाही. सलीमभाई माझ्याशी बोलत नाहीत.

मी कशाला पाठ लावून बसलो होतो, ते मला माहीत नाही. कुणी पटणारं कारण दिलं तर ऐकेन. तोवर एवढंच लिहून ठेवतो: त्या वादळात वरचं कापड सलीमभाईंचं होतं, आणि ते कुठेही फाटलं नाही.