चक्कीचे चौरस फूट

बाबांनी स्टील प्लांटमधून वेळेआधीच निवृत्ती घेतली आणि हातात आलेल्या पैशातून जामुलकडे जाणाऱ्या रस्त्यावर पिठाची चक्की टाकली. आमच्या घरात धंदा कुणी केला नव्हता. प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर ६ मध्ये राहणाऱ्या नातेवाइकांना ते पायरी उतरल्यासारखं वाटलं. बाबांना मात्र चक्की मनापासून आवडायची. गरम पीठ चिमटीत चोळून ते जाड-बारीक ठरवायचे. कारखान्यातल्या कामगारांच्या बायका सकाळी गव्हाचे डबे ठेवून जायच्या आणि कुणाचा डबा कुठला हे बाबांना न विचारता कळायचं.

चक्कीला निगमचं, म्हणजे महापालिकेचं लायसन्स लागतं. आधी प्रत्येक धंद्याची फी वेगळी होती. चक्कीची अगदी कमी असायची आणि बाबा ती मुदतीआधी भरून यायचे. मग नव्या दरांचा प्रस्ताव आला. दुकान किती चौरस फूट आणि समोरचा रस्ता किती रुंद, यावर फी ठरणार होती. आमचा रस्ता नुकताच रुंद झाला होता. त्यात आमचा पुढचा ओटा गेला, गिऱ्हाइकाला उभं राहायला सावली उरली नाही, आणि रुंद रस्त्यावरचे म्हणून आम्ही वरच्या दरात जाणार होतो. चक्कीला जागा लागतेच. मशीन, पोती, डबे, तराजू. शेजारच्या मोबाइलवाल्याचं दुकान कपाटाएवढं. तो आमच्याहून कितीतरी जास्त कमवायचा आणि फी मात्र आमच्याहून कितीतरी कमी भरणार होता.

"कमाई कोण पाह्यते?" बाबा म्हणाले. "टेप लावतात न् निंगून जातात."

दर पक्के होण्याआधी लोकांच्या हरकती मागवल्या होत्या. मी शाळेत शिकवते, म्हणून अर्ज मीच लिहिला, इथला कारभार हिंदीत चालतो म्हणून हिंदीत. आसपासच्या दुकानदारांनी येतो म्हणून सांगितलं होतं. सुनावणीला आम्ही दोघंच होतो. अधिकारी भला माणूस होता. त्याने अर्ज पूर्ण वाचला, बाबांना काय म्हणायचंय ते ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बात तो आपकी सही है. पर मैं सिर्फ़ आगे भेज सकता हूँ." बाहेर आल्यावर बाबा खूश होते. बात सही है, एवढंच ते घरी येऊन आईला सांगत राहिले.

निगमच्या सभेला आम्ही गेलो. आमच्या वॉर्डाच्या पार्षदाने, म्हणजे नगरसेवकाने, विषय उचलतो असा शब्द दिला होता. लोकांसाठीच्या बाकावर आम्ही सकाळपासून बसलो. नाल्यांवरून भांडण झालं, पाण्याच्या टँकरवरून झालं. लायसन्सच्या दरांचा विषय आला तेव्हा जेवणाची वेळ झाली होती आणि अर्धे लोक उठून चालले होते. आमचा पार्षद बाहेर फोनवर बोलत होता. कुणीतरी विषय वाचला, मंजुरीची बाकं वाजली.

"झालं का?" बाबांनी विचारलं.

"झालं," मी म्हटलं.

मग बाबांनी मिस्त्री बोलावला आणि चक्कीच्या खोलीच्या मधोमध विटांची भिंत घातली. मागची अर्धी जागा कुलूप लावून बंद. निरीक्षक आला, त्याने मोजलं, फी खाली आली. पण खिडकी भिंतीच्या पलीकडे गेली होती. पिठाची धूळ बाहेर जायला वाट नव्हती. उन्हाळ्यात त्या खोलीत मी दहा मिनिटं थांबू शकत नव्हते. बाबा दिवसभर असायचे. त्यांना खोकला लागला. डॉक्टरांनी चक्कीत बसू नका म्हणून सांगितलं. भिंत पाडा, फी आपण भरू, मी माझ्या पगारातून देते, असं मी किती वेळा म्हटलं.

"तुया पगारावर चक्की चालवू का मी?" ते म्हणाले. "मंग ते दुकान कावून म्हणाचं?"

त्यानंतर मी तो विषय काढला नाही. गिऱ्हाइकंही कमी होत गेली. रस्त्यावर गाड्या वेगाने जायच्या, डबा घेऊन ओलांडणं अवघड झालं, आणि थैलीतलं पीठ जवळच मिळू लागलं. एक दिवस बाबांनी मशीन विकलं.

लायसन्स रद्द करायला गेलो तर वर्ष सुरू झालंय, चालू वर्षाची फी भरावीच लागेल, असं खिडकीवर सांगितलं. आतून तोच अधिकारी बाहेर आला. त्याने बाबांना ओळखलं, खुर्ची दिली, चहा मागवला. पुढे दर बदलतील तेव्हा लहान चक्क्यांचा विचार होऊ शकतो, एक अर्ज देऊन ठेवा, असं तो म्हणाला. बाबांनी हात जोडले. "अब रहने दीजिए, साहब."

बाहेर स्कूटरपाशी ते थांबले.

"त्या दिवशी सभेत मी उठून बोलाले पायजे होतं का?"

"बाहेरच्या लोकांना बोलू देत नाहीत, बाबा."

"मालूम हाय मले," ते म्हणाले. "तरी."

मी स्कूटर सुरू केली. वाटेत त्यांना पुन्हा खोकल्याची उबळ आली आणि मला रस्त्याच्या कडेला थांबावं लागलं. चक्की बंद झाली की खोकला जाईल, असं डॉक्टर म्हणाले होते. तो गेला नाही.