जुईनगर ते करावे, व्हाया म्हैस

जुईनगर स्टेशन ते करावे गाव हा रिक्षाने जेमतेम पंधरा-वीस मिनिटांचा प्रवास. आम्हाला सव्वापाच तास लागले. तुम्हाला नुसतं पोचायचंच असेल तर स्टेशनबाहेर रिक्षा मिळते. पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल.

झालं असं, की आईने करावेहून फोनवर फर्मान काढलं. "त्या दोगांना घरी आन. मला एकच इचारायचा हाय."

माझे वडील बर्फातल्या एका चौकीवर शहीद झाले तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. 'गस्तीत तुकडीपासून वेगळे पडले' एवढंच आम्हाला कळवलं गेलं. वडिलांना डावं-उजवं कळत नसे हे गावभर माहीत, त्यामुळे सगळ्यांनी मनाशी धरलं की वाट चुकून गेले. आईला ते तीसेक वर्षं खात होतं. आता त्यांच्या तुकडीतले सुभेदार शिंदेकाका आणि हवालदार पवारकाका पहिल्यांदाच साताऱ्याहून येत होते आणि त्यांना जुईनगरहून करावेला न्यायचं काम माझ्याकडे होतं.

मी रिक्षाला हात केला, तर पवारकाकांनी माझाच हात खाली केला. खिशातून प्लास्टिकमध्ये जपलेलं जुनं आंतर्देशीय पत्र काढलं. मागे पेन्सिलीने काढलेला नकाशा होता.

"तुझ्या बापानं, जगननं दिलाय. सुट्टीत घरी ये म्हणून. जायचं तर याच्यावरनंच."

"काका, इथलं सगळं बदललंय."

"नकाशा कुठं बदललाय?"

शिंदेकाका हळूच म्हणाले, "चल बाबा, ऐक त्याचं."

नकाशावर रस्त्यांची नावं नव्हती. पिंपळ होता, पाण्याची टाकी होती आणि खाली ठळक अक्षरांत, 'म्हैस. इथून डावीकडे.' पिंपळाच्या जागी मोबाईलचं दुकान निघालं. चालणं फौजी पद्धतीचं, म्हणजे पन्नास मिनिटं चाल, दहा मिनिटं विसावा, मग सावली असो की भर ऊन. पहिला विसावा एका सोसायटीच्या गेटवर पडला. वॉचमनने रजिस्टर पुढे केलं.

"किसके यहाँ जाना है?"

"म्हशीकडं," पवारकाका म्हणाले.

त्याने ते लिहून घेतलं आणि फ्लॅट नंबर विचारला.

आता करावे खाडीच्या अंगाला, आणि आम्ही पोचलो बरोब्बर उलटीकडे, शिरवण्यात. तिथे वडापाव चांगला मिळतो, मिरची जपून खा. ओट्यावर बसलेल्या एका म्हातारीला पवारकाकांनी विचारलं, "इथं म्हैस कुठं बांधायचे?"

"आमचीच व्हती. मेली कवाच." तिने नकाशा डोळ्यांजवळ धरला. "ह्यो करावेचा फौजी ना? सुट्टीवर आला का वाट चुकून आमच्या दारात. जेवून जायचा."

म्हणजे वडिलांनी चुकायची वाटच नकाशात पक्की करून टाकली होती. मला हसू आलं. पण मग आईला काय सांगायचं?

"आता उजवीकडं जा," म्हातारी म्हणाली. मी वळायच्या आधी सवयीने उजवा हात तोंडाशी नेला. मलाही डावं-उजवं कळत नाही. घास कुठल्या हाताने घेतो ते बघून ठरवतो. वळून पाहिलं तर दोघे काका जागीच खिळलेले.

"जगन असंच करायचा," शिंदेकाका म्हणाले. "परेडला 'दाहिने मुड' म्हटलं की हात तोंडाशी. साहेबांना वाटायचं, याला भूक लागली."

त्यानंतर पवारकाकांनी नकाशा घडी करून खिशात ठेवला आणि स्वतःच रिक्षा थांबवली.

करावेला आईने तळलेले बोंबील आणि तांदळाच्या भाकऱ्या करून ठेवल्या होत्या. पानं वाढायच्या आधीच तिने विचारलं. "भावजी, यांची वाट चुकली व्हती का?"

पवारकाका उभे राहिले. "मी चुकलो होतो, वहिनी. वादळात मागं राहिलो. जगन मला शोधायला परत आला. वाटेवर दोरी बांधलेली असते, ती माझ्या हातात दिली. म्हणाला, ही धरून सरळ जा. डावं-उजवं मी सांगत नाही, माझा भरवसा नाही. मी पोचलो. तो आणखी एकाला आणायला मागं फिरला."

"मंग इतकी वरसं आलाव का नाय?"

"तुमच्यासमोर जिता उभा राहायचं धाडस होत नव्हतं."

म्हणूनच ते पाच तास म्हैस शोधत होते. आई रडली, आणि रडता रडता हसायला लागली. "म्हंजी त्या टायमाला तरी वाट बरोबर सांगितली त्यांनी." मग तिने सगळ्यात मोठा बोंबील पवारकाकांच्या ताटात वाढला.

संध्याकाळी दोघांना साताऱ्याच्या बसमध्ये बसवून मी घरी निघालो. पवारकाकांनी जाताना दिलेला नकाशा आता माझ्या खिशात होता. इतकी वर्षं वडील म्हणजे भिंतीवरचा हार घातलेला फोटो होता. त्या फोटोसारखं माझ्यात काही आहे असं मला कधीच वाटलं नव्हतं.

जुईनगरच्या वळणावर रिक्षावाल्याने विचारलं, "साब, लेफ्ट या राइट?"

माझा हात तोंडाशी गेला.

त्याने आरशात पाहिलं. "भूक लगी है क्या?"

"नहीं भाई," मी म्हटलं, "रास्ता देख रहा हूँ."