मिस्त्रींचे पाच खटके

हँडब्रेक दुरुस्त केलेली गाडी मिस्त्री चढावर उभी करायचे आणि तिच्या मागे, गाडीकडे पाठ करून चहा पीत थांबायचे. चहा संपेपर्यंत ती बोटभरही सरकली नाही, तरच मालकाच्या हाती किल्ली. कनेरगाव नाक्यावर धाब्याशेजारी त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं.

मी पहिल्यांदा तिथे गेले, ते माझी गाडी विकायचं ठरवूनच. सिद्धेश्वर धरणाजवळच्या चढावर आईला गाडीत बसवून मी मासे घ्यायला उतरले होते. हँडब्रेक पूर्ण ओढलेला असूनही गाडी मागे सरकू लागली. दोन मच्छीमारांनी धावत येऊन चाकांखाली दगड सारले, म्हणून आई वाचली. त्यानंतर ती गाडीत बसेना.

मिस्त्रींनी सगळं शांतपणे ऐकलं. "बाई, काहून विकून राहिल्या? गाडीत खोट न्हाई. तिच्याकडं कुणी पाह्यलंच न्हाई."

विकण्यापुरती नुसती हँडब्रेकची केबल आवळून द्या, असं मी म्हटलं, तर त्यांनी मलाच खाली बसवलं. मागची चाकं जॅकवर उचलली. आधी ड्रममधले ब्रेक शू माझ्याकडून सारखे करून घेतले, मग केबलचा नट, अर्धा अर्धा फेरा. हँडब्रेकचा दांडा ओढताना पाचव्या खटक्याला दोन्ही चाकं घट्ट धरली पाहिजेत आणि दांडा सोडला की हाताने मोकळी फिरली पाहिजेत, हा त्यांचा नेम. माझं डावं चाक घासत होतं. तीनदा त्यांनी मला नट ढिला करायला लावला.

"नुसता धरणारा बिरेक कामाचा न्हाई, बाई. सोडता बी आला पायजे."

पुढच्या रविवारी मी आईला एसटीने नाक्यावर नेलं. गाडी चढावर उभी होती. मिस्त्री म्हणाले, आज मागं तुमी थांबा, काम तुमचं हाय. मी चहाचा कप घेऊन गाडीच्या मागे जाऊन उभी राहिले. आई बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग पुढच्या सीटवर जाऊन बसली.

गेल्या वर्षी नजर अधू झाल्यावर मिस्त्रींनी गॅरेज बंद केलं आणि ते वाशीमला लेकीकडे राहायला गेले. आम्ही दोघी भेटायला गेलो, तेव्हा कुठं कुठं फिरून आल्या, हेच त्यांनी विचारलं. आईने भराभर गावं सांगितली आणि आता माहूरचा घाट चढायचाय म्हणाली. कवा, एवढंच मिस्त्रींनी विचारून घेतलं.

ठरलेल्या सकाळी वाशीमवरून जाताना आम्ही त्यांच्या दारात थांबलो. मिस्त्री धुतलेला सदरा घालून, पिशवी मांडीवर घेऊन ओट्यावर बसले होते.


"चला," ते म्हणाले, "म्या कवाचा तयार हाय."