सोबत भाकरी खाणारे

कॉलेजात जाणाऱ्या माझ्या मुलीने परवा मोठ्या कौतुकाने सांगितलं, "आई, कंपनी हा शब्द मूळ लॅटिनमधला. 'कोम' म्हणजे सोबत, 'पानिस' म्हणजे पाव. आपल्या भाषेत, सोबत भाकरी खाणारे." मी भाकरी थापत होते. म्हटलं, "त्या लॅटिनवाल्यांना एकदा बोईसरला पाठवून द्यायला हवं होतं."

बोईसरला औषधांच्या कारखान्यात मी पॅकिंगला होते. जेवणाच्या सुट्टीत आम्हा बायकांची रीत होती, आपला डबा आपण आधी खायचा नाही. मी साताऱ्याकडची, माझी ज्वारीची भाकरी. मैत्रीण तारापूरकडच्या कोळीवाड्यातली, तिची तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी. माझ्या भाकरीचा चतकोर तिने मोडायचा, तिच्या भाकरीचा मी. वर्षानुवर्षं हेच चाललेलं.

एका बुधवारी तिने माझ्या डब्याला हातच लावला नाही. "आज नाय खात गो, उपास हाय," म्हणाली. बुधवारचा कसला उपास, हे मला विचारावंसंही वाटलं नाही. उलट जीव कळवळला. पिशवीतली केळी काढून तिच्यापुढे ठेवली, तर तीही नको म्हणाली.

सुट्टी संपल्यावर साहेबांनी मला बोलावलं. आदल्या दिवशी काही खोक्यांवर भलतीच लेबलं लागली होती. लावली होती तिने, माझ्या डोळ्यांदेखत. साहेब म्हणाले, "तुमच्या मैत्रिणीनेच सकाळी येऊन सांगितलं, हे काम तुमचं." उद्यापासून येऊ नका म्हणाले. बाहेर आले तेव्हा ती खाली मान घालून खोक्यांना टेप लावत होती.

केसाने गळा कापला बाईने. शेजारणी म्हणतात, घाबरली असेल गं, सोडून दे. घाबरून माणूस खोटं बोलतं, हे मलाही कळतं. पण सकाळी माझं नाव सांगून दुपारी माझं मीठ खाणं तिला जमेना, म्हणजे आपण काय केलंय हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्यापेक्षा भाकरी खाल्ली असती, तर चार शिव्या हासडून मी मोकळी झाले असते. इतकी वर्षं खाल्लेलं मीठ तिने कुठे ठेवलं, देव जाणे.

मुलीला यातलं काहीच सांगितलं नाही. आता मी दुसऱ्या कारखान्यात आहे. तिथल्या बायकाही डबे मध्ये ठेवतात आणि मला हाक मारतात. मी म्हणते, आज माझा उपास आहे.