गल्ली विचारत कुणी आलं तर

बुखारेस्ट पायी फिरवून दाखवणारे गाइड आमच्याकडे पैशाला पासरी मिळतात. पण स्मारांदाबाईंची तऱ्हाच निराळी. बाकीचे गाइड जुन्या सरायीपासून निघतात, छोट्या चर्चमधले कोरीव खांब दाखवतात, विजय मार्गावर दोन-चार राजांची नावं फेकतात आणि शेवटी त्या अगडबंब राजवाड्यासमोर पाहुण्यांना आणून सोडतात. पाहुणे मान मोडेस्तोवर वर बघतात, फोटो काढतात, गाइडच्या हातावर काहीतरी ठेवतात, विषय संपला. स्मारांदाबाईही हे सगळं करायच्या, पण राजवाड्याकडे पाठ करून. मग समोरच्या उताराकडे बोट दाखवून म्हणायच्या, "इथून वर आमची गल्ली जायची. कोपऱ्यावर बेकरी, तिच्या पुढे हिरव्या दाराचं घर. ते आमचं." पाहुणे बिचारे डोळे ताणून बघत. समोर गवत, रस्ता आणि उभ्या केलेल्या गाड्या.

यावर कुणा प्रवाशाने इंटरनेटवर लिहिलं होतं की बाई गोड आहेत, पण असलेल्यापेक्षा नसलेलंच जास्त दाखवतात. सहलीच्या कंपनीचा तरुण मालक राडू याने त्यांना बोलावून ते वाचून दाखवलं. त्याला वाटलं, बाई खजील होतील. बाई म्हणाल्या, "बरोबर लिहिलंय की. यात तक्रार कुठे आहे?" राडूने कपाळाला हात लावला. पण इतकी वर्षं उन्हातान्हात, बर्फात न कुरकुरता चालणारा गाइड दुसरा मिळत नव्हता, म्हणून त्याने बाईंना कामावर ठेवलं.

लोकांना वाटायचं, बाईंना इतिहासाचं वेड आहे. कसलं वेड! राजांची सालं त्या बेधडक चुकवायच्या. आधी त्या शाळेत भूगोल शिकवायच्या, चांगली नोकरी होती. ती सोडून गाइड झाल्या त्या एकाच कारणासाठी. रोज त्या टेकडीच्या पायथ्याशी उभं राहता यावं, आणि उभं राहण्याचं कारण कुणाला सांगायला लागू नये. कारण होता रेलू, त्यांचा धाकटा भाऊ.

रेलू ट्रामच्या कारखान्यात मेकॅनिक होता. काळे कुरळे केस, घरात येण्याआधी गल्लीच्या तोंडापासून शीळ, आणि आईने हिवाळ्यासाठी भरून ठेवलेल्या भाजलेल्या वांग्या-मिरच्यांच्या बरण्या उन्हाळ्यातच चमच्याने रिकाम्या करायची खोड. आई लाटणं घेऊन मागे लागायची आणि तो मागच्या अंगणातल्या द्राक्षाच्या मांडवावर चढून बसायचा. विसाव्या वर्षी, त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात, तो कोस्तेल नावाच्या मित्राबरोबर मासे पकडायला म्हणून डॅन्यूबवर गेला. पलीकडचा काठ युगोस्लाव्हियाचा, पोहून गाठला की देशातून सुटका. त्या काळात आमच्याकडे मासे पकडायला डॅन्यूबवर जाणं म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही कळायचं. आईलाही कळलं होतं, तरी तिने दशम्या बांधून दिल्या.

कोस्तेल काठावरच पकडला गेला. तुरुंगातून सुटल्यावर त्याने येऊन सांगितलं, की रेलू नदीच्या मध्यापर्यंत पोहत गेलेला त्याने पाहिला, पुढे धुकं होतं. गोळी झाडल्याचा आवाज आला का? आला. पण कुणावर झाडली ते माहीत नाही. एवढंच. त्यापुढे कुणाला काही कळलं नाही, आजतागायत.

पुढच्याच वर्षी हुकूमशहाच्या त्या राजवाड्यासाठी टेकडी साफ करायला घेतली. घरांच्या भिंतींवर लाल रंगाने खुणा झाल्या आणि माणसांना शहराच्या चार टोकांना सिमेंटच्या चार ठोकळ्यांत घरं मिळाली. आई हटून बसली. म्हणाली, पोराला हाच पत्ता ठाऊक आहे, तो येईल कुठे? तिला शेवटी दोघा शिपायांनी खुर्चीसकट उचलून ट्रकमध्ये बसवलं. गल्ली गेली, बेकरी गेली, द्राक्षाचा मांडव गेला. टेकडीवरचं मिहाई राजाचं चर्च तेवढं वाचलं. ते अख्खंच्या अख्खं रुळांवर चढवून उतारावरून खाली ओढत नेलं आणि उंच इमारतींच्या मागे दडवून ठेवलं. ते बघताना आई म्हणाली होती, "देवाच्या घराला चाकं लावता येतात, मग माझ्या घराला का नाही लावली?"

पण आईने त्यातूनही एक हिशेब काढला. रेलू आला की टेकडीवर येणार, तिथे काही दिसणार नाही, मग निदान चर्च कुठे गेलं म्हणून विचारणार. म्हणजे चर्चपाशी उभं राहिलं की झालं. दर रविवारी ती नव्या घरापासून दोन ट्राम बदलून यायची. चर्चबाहेर मेणबत्त्या लावायला पत्र्याच्या दोन पेट्या आहेत, एक जिवंतांची, एक गेलेल्यांची. रेलूची मेणबत्ती ती न चुकता जिवंतांच्या पेटीत लावायची. राजवट पडली, सरहद्दी उघडल्या, गल्लीतली दोन-तीन पोरं ऑस्ट्रियाहून, कॅनडाहून गोरीगोमटी बायको घेऊन परत आली. रेलूचा पत्ता नाही. शोध घेणाऱ्या कचेऱ्यांनी कानावर हात ठेवले. आईने मरताना स्मारांदाबाईंचं मनगट धरून एवढंच सांगितलं, की खात्रीने कळल्याशिवाय त्याला त्या दुसऱ्या पेटीत टाकू नकोस.

झालं. आईची जागा लेकीने घेतली. सहल सुरू करताना बाई प्रत्येकाला कुठून आलात म्हणून विचारायच्या ते आदरातिथ्य नव्हे. घोळक्यात पिकल्या केसांचा कुणी दिसला की त्यांचा जीव वरखाली व्हायचा. तो पोर्तुगालचा नाही तर फिनलंडचा निघायचा. मग बाई घोटभर पाणी पिऊन सरायीची गोष्ट सुरू करायच्या.

यंदा वसंतात इलिंकाचा, त्यांच्या लेकीचा, इटलीतल्या ट्युरिनहून फोन आला. तिला दिवस गेले होते. नवऱ्याची फिरतीची नोकरी, तिथे जवळचं कुणी नाही. आईने यावं, चार दिवसांसाठी नव्हे, कायमचं. स्मारांदाबाईंना आनंद झाला, पण टेकडी सोडायची कशी? शरद ऋतूत सहली जोरात असतात, राडूला अडचण होईल, असं काहीबाही त्या बोलू लागल्या. इलिंका लहानपणापासून हे ऐकत आलेली. तिचा तोल गेला. "आई, मामा साठीचा झाला असता. असता म्हणतेय मी, ऐकतेयस ना? येत्या मृतांच्या शनिवारी त्याच्या नावाचा पेला देऊन टाक आणि मोकळी हो. तुला येणाऱ्या जिवापेक्षा बुडालेला भाऊ मोठा आहे का?"

बुडालेला हा शब्द त्या घरात आजवर कुणी उच्चारला नव्हता. बाईंनी फोन ठेवला आणि दोन दिवस उचलला नाही. पण शब्द जिव्हारी लागला तो लागलाच. तिसऱ्या दिवशी त्या बाजारात गेल्या आणि मातीचे दोन पेले घेतले. एक निळ्या फुलांचा, आईच्या नावाचा. दुसरा साधा, हिरव्या काठाचा. तो कुणाच्या नावाचा, हे त्यांनी मनातल्या मनातही म्हटलं नाही.

पेंटेकोस्टच्या सणाच्या आदल्या शनिवारी, म्हणजे मृतांच्या शनिवारी, आमच्याकडे घरोघरी हेच चालतं. पेल्यात चेरी भरायच्या, वर तीळ लावलेलं पावाचं कडं, एक मेणबत्ती, आणि गेलेल्याचं नाव घेऊन तो पेला कुणाच्या तरी हातात द्यायचा. घेणारा बोग्दाप्रोस्ते म्हणतो, म्हणजे देव त्या आत्म्याला क्षमा करो. नाव मोठ्याने घ्यावंच लागतं. नाव न घेता दिलेला पेला कुणालाच पोचत नाही.

त्या दिवशी बाईंची सहल होतीच. पेले पिशवीत घालून त्या निघाल्या. घोळक्यात एक उंच, पांढऱ्या केसांचा माणूस हात पाठीमागे बांधून चालत होता. रेलू असाच चालायचा. बाईंनी अधीर होऊन विचारलं. तो बेल्जियमचा निघाला, गेंट शहरातला निवृत्त ट्रामचालक. बाई पाणी प्यायल्या.

टेकडीपाशी त्यांनी नेहमीप्रमाणे बोट दाखवलं. बेकरी, हिरवं दार. बाकीचे लोक राजवाड्याकडे वळलेसुद्धा. तो ट्रामचालक मात्र थांबला आणि विचारू लागला, दार रस्त्याकडे उघडायचं की अंगणाकडे? आत शिरल्यावर आधी काय लागायचं? इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. बाई सांगत सुटल्या. आधी अरुंद बोळ, त्यात आईचे रबरी बूट, मग डाव्या हाताला स्वयंपाकघर, मग मागच्या दारातून मांडव. घराची, आईची आणि त्या नालायक शीळ घालणाऱ्या पोराची इतकी आठवण आली की त्यांना तिथेच गवतावर बसावंसं वाटलं. त्या माणसाने टोपी काढली आणि गवताचा फोटो घेतला.

सहल आटोपून त्या चर्चपाशी आल्या. मेणबत्त्या विकणाऱ्या वेतामावशी दाराशी स्टुलावर बसल्या होत्या. ऐंशीच्या घरातल्या, जीभ तिखट, रेलूची हकिगत त्यांना पहिल्यापासून पाठ. बाईंनी निळा पेला पुढे केला आणि आईचं नाव घेतलं. मावशी बोग्दाप्रोस्ते म्हणाल्या, चेरी तोंडात टाकली. मग बाईंनी हिरव्या काठाचा पेला काढला, आणि हात तसाच राहिला.

"हा कुणाच्या नावाचा?" मावशींनी विचारलं. त्यांना कळलं होतं, तरी विचारावं लागतं.

बाईंनी तोंड उघडलं. नाव जिभेवर आलं आणि तिथेच अडलं. नदीच्या मध्यापर्यंत तो आपल्या हातापायांनी गेला होता. आता तोंडातून ते दोन अक्षरी नाव निघालं, की त्याला बुडवणारी मीच, असं त्यांना वाटलं. आणि न निघालं तर इलिंका तिकडे एकटी. मेणाचा वास येत होता.

"स्मारांदाच्या," बाई म्हणाल्या.

"कोण स्मारांदा?"

"मीच."

जित्याजागत्या माणसाने आपल्या नावाचं देऊन टाकण्याची रीत आमच्या खेड्यापाड्यांत आहे. मागे कुणी करणारं नसलं की म्हातारे स्वतःच उरकून घेतात. पण मावशी चिडल्या. म्हणाल्या, "तुला काय धाड भरलीय? आजी व्हायला निघालीस आणि असलं बोलतेस?"

"मरायला टेकले नाही मावशी. पण रोज इथे येऊन उभी राहायची ना, ती बाई संपली. तिच्या नावाने खा."

मग मावशींनी पेला दोन्ही हातांनी घेतला आणि हळूच बोग्दाप्रोस्ते म्हटलं. तिखट जिभेच्या त्या म्हातारीचे डोळे भरले होते.

बाई निघाल्या, दोन पावलं गेल्या आणि परत आल्या. "मावशी, आमची गल्ली विचारत कुणी आलं तर?"

"सांगेन की. काय सांगू?"

चाळीस वर्षं स्मारांदाबाईंनी रेलूला ऐकवायचं पुष्कळ जमवून ठेवलं होतं. गाढवा, एक ओळ तरी लिहायची होतीस. आईची काय दशा झाली ते तुला कुठे माहीत. ऐन वेळी त्यातलं काहीच आठवेना. म्हणाल्या, "आई गेली म्हणावं. बहीण लेकीकडे ट्युरिनला आहे, राडूकडे पत्ता आहे. आणि मी रागावलेली नाही म्हणावं. नुसतं ये म्हणावं."

"अगं पण मी त्याला ओळखू कसं? दिसतो कसा तो?"

"काळे, कुरळे..." म्हणून बाई सांगायला लागल्या आणि थांबल्या. साठीतला रेलू कसा दिसेल, हे त्यांना कुठे माहीत होतं? त्यांना ठाऊक होता तो वीस वर्षांचा पोरगा. एवढी वर्षं म्हाताऱ्यांच्या तोंडांत त्या त्यालाच शोधत आल्या होत्या.

"जो कुणी विचारेल, त्याला सांगा," बाई म्हणाल्या आणि ट्रामच्या थांब्याकडे चालू लागल्या.