मिलिमीटरबाईंची पट्टी

प्रयोगशाळेतल्या बाईंना सगळं हॉस्पिटल मिलिमीटरबाई म्हणायचं. रुग्णाच्या रक्तातले जंतू चपट्या बशीत वाढवायचे, वर औषधांच्या टिकलीएवढ्या चकत्या ठेवायच्या आणि दुसऱ्या सकाळी चकतीभोवती जंतू न वाढल्याचं जे स्वच्छ कडं दिसतं ते पट्टीने मोजायचं, हे त्यांचं एकतीस वर्षांचं काम. कडं मोठं तर औषध लागू. घरी पडदा जरा तिरका दिसला तरी पट्टी निघायची आणि सून हसून बेजार व्हायची. हॉस्पिटलच्या लिफ्टवाल्या काकांशी तर रोजचाच वाद. त्यांची लिफ्ट मजल्यापेक्षा दोन बोटं वर थांबे, आणि बाई वाकून मोजून आकडा सुनावत.

मग काकांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि सलाईनच्या नळीतून त्यांच्या रक्तात जंतू शिरले. बाईंनी सकाळी बशी पाहिली. चालू औषधाभोवतीचं कडं जेमतेम तेरा मिलिमीटर, आणि हवं किमान अठरा. डॉक्टर म्हणाले, आजच औषध बदलू. नवं औषध मूत्रपिंडांना जड जातं आणि काकांची आधीच नाजूक आहेत, पण इलाज नाही.

बाई रडायच्या बेतात होत्या. तरी सवयीने त्यांनी शेजारची बशी उचलली. तिच्यात त्या रोज एक ओळखीचा, सरळमार्गी जंतू लावत. त्याचं कडं किती यायला हवं हे ठरलेलं. आज तेही पाचाने आखडलं होतं. बाईंनी बशीतल्या थराला पट्टी लावली. काल घाईत जंतूंचं खाद्य बशांमध्ये जाड ओतलं होतं ते त्यांनीच, आणि जाड थरात औषध खाली जिरतं, बाजूला पसरत नाही.

त्या तडक वॉर्डात गेल्या.

"डॉक्टर, चूक माझी आहे. उद्या सकाळपर्यंत औषध बदलू नका."

डॉक्टरांनी तापाचा तक्ता पाहिला. ताप वाढत नव्हता. ते थांबायला तयार झाले.

बाईंनी नवा थर ओतला, तीन ठिकाणी मोजला. दुसऱ्या सकाळी सरळमार्गी जंतू ताळ्यावर आला होता, आणि काकांच्या बशीतलं कडं एकवीस. बाईंनी चारदा मोजलं आणि मग खुर्चीत बसून मनसोक्त रडून घेतलं. औषध तेच राहिलं.

दीड महिन्याने काका लिफ्टमध्ये परतले. तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं. लिफ्ट चांगली दोन बोटं वर.

"मोजा की बाई," काका म्हणाले.

बाईंचा हात खिशातल्या पट्टीवरच राहिला. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी न मोजता निकाल दिला.

"बरोबर थांबलीय, काका."