दौलतगंजचा समुद्रकिनारा

कूलरच्या दुकानात भंगार साठतं, तसे किस्सेही साठतात. भंगार निदान विकलं जातं!

दुकान माझं, इकडे हिंदी मुलखात, दौलतगंजात. रोज येऊन बसणारे दोघे: शिर्के आणि रिटायर फौजी पवार. तिघांपैकी एकानंही समुद्र पाहिलेला नाही. तर शिर्केच्या जावयानं तो माझ्याच दुकानात आणला!

जावई इंजिनीअर, कोकणातला. त्याच्या गावापुढे समुद्रात लाटांवर वीज बनवणाऱ्या मशीनी बसवायच्या आहेत. काम ह्याचंच, आणि विरोधाला सगळ्यात पुढे ह्याचाच बाप! "घरापुढची वाळू वाहून गेली की घरही जाईल. मशीन नको म्हणजे नको!" वाळूचं काय होतं ते बघायला जावयानं माझ्या पत्र्याच्या हौदात एका टोकाला वाळू भरली. दुसऱ्या टोकाला कूलरच्या मोटरीवर फळी हलवून लाटा काढल्या. मधे मशीनी म्हणून प्लास्टिकच्या डब्या बांधल्या. वाळूवर एक काडेपेटी: बापाचं घर.

•

पहिल्याच दिवशी लाइट गेली. समुद्र जागच्या जागी थांबला.

शिर्के म्हणाला, "जावईबापू, हा समुद्र वीज बनवणार होता ना?"

"हो बाबा."

"मग बिजलीवाचून बंद कसा पडला?"

जावई चहा प्यायला निघून गेला.

•

मग रोज सकाळी किनाऱ्यात खड्डा दिसायला लागला. जावई हैराण. "काका, मोटर बंद असते, लाटा नाहीत, मग वाळू खातं कोण?" दहा फोटो काढले, पुण्याला ऑफिसात पाठवले. तिकडून उत्तर आलं, अभ्यास करावा लागेल!

पवार पहाटे पहाऱ्यावर बसला. मांजर आली, उकरलं, उरकलं, झाकून गेली.

"हे आमच्या हिशोबात नव्हतं," जावई म्हणाला.

मी म्हटलं, "किनारा केलास ना? लोक येऊन बसणारच!"

•

हद्द पवारानं केली. वाळूवर आपली काडेपेटी ठेवली. "माझा प्लॉट. सी-फेसिंग!" शिर्केनंही ठेवली. डब्यांच्या मागे लाट मरते, तिथे वाळू साठते, एवढं दोघांना कळलं होतं. मग काय! जावयाची पाठ फिरली की हा डब्या इकडे ओढणार, तो तिकडे. शेवटी शिर्केची लेक ओरडली, "बाबा, आप लोग पागल हो गए हो क्या? त्यांची नोकरी जाईल!"

दोघांनी प्लॉट उचलले. पवार अजून शिर्केशी बोलत नाही.

•

शेवटी खरी परीक्षा झाली. जावयानं बापाच्या काडेपेटीशेजारी दुसरी ठेवली: गावातल्या शेजाऱ्याचं, अनंताचं घर. मोटर दिवसभर चालली. संध्याकाळी बघतो तर बापापुढे वाळूचा ढीग, आणि अनंताची काडेपेटी पाण्यात!

जावयाचा चेहरा पडला. म्हणाला, "झालं. गावात ह्याच्यावरून मारामारी होणार. डब्यांची जागा बदलायला हवी." बापाला फोन लावला, स्पीकरवर.

"आप्पा, आपल्या घराला धोका नाही. उलट वाळू वाढते."

"खोटं."

"खरंच. पण अनंतकाकांच्या बाजूची जाते हो. त्यांचं घर राहत नाही."

आम्ही चौघं फोनकडे बघत बसलो.

मग आप्पांनी विचारलं, "कधी बसवताय?"